धान्याचा श्वास

पोत्यांत भरलेलें धान्य म्हणजे दगडगोट्यांसारखी निर्जीव वस्तु, अशी आपल्यांपैकीं पुष्कळांची समजूत असते. आमचीही ती अनेक वर्षें होती. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं पिकांच्या नोंदी लिहिल्या, आणेवारीचे तक्ते उतरले, अवर्षणाच्या आणि अतिवृष्टीच्या याद्या तयार केल्या, परंतु मूठभर जोंधळा हातांत घेऊन "हा जिवंत आहे काय?" असा प्रश्न आम्हीं स्वतःस कधीं विचारला नाहीं. तो विचारला असता, तर एका प्रसंगीं आमच्या तोंडून जे चार शब्द निघावयास पाहिजे होते ते निघाले असते. तो प्रसंग प्रथम सांगून मग मुख्य विषयाकडे वळूं.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची ही गोष्ट आहे. आम्ही नोकरींत नवे होतों. वैशाखाच्या अखेरीस तालुक्यांतील एका खेड्यांत वर्षभर बंद असलेलें पेंव उघडण्यांत आलें. घरांत मुलीचें लग्न तोंडावर आलेलें. दळणास जोंधळा हवा, म्हणून घरच्या बाईनें नवऱ्यास तो काढावयास सांगितलें. तोंडावरची फरशी बाजूस सारून तो लागलाच आंत उतरला. हांक मारली तरी उत्तर येईना, म्हणून त्याचा धाकटा भाऊ त्यास वर काढण्यास उतरला. तोही वर आला नाहीं. तिसरा गडी उतरणार, तोंच एका म्हाताऱ्यानें त्यास कमरेस धरून मागें ओढलें म्हणून तो वांचला.

वरिष्ठांबरोबर आम्ही त्या गांवीं गेलों. कागद उतरून काढण्याचें काम आमच्याकडे होतें. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यांत आम्हीं "पेंवांतील दूषित हवेमुळें गुदमरून" असें सुवाच्य अक्षरांत लिहिलें. त्याच वेळीं, चार हातांवर बसलेल्या त्या बाईस आप्तस्वकीय म्हणत होते, "तूंच ना त्याला पाठविलेंस? तुझ्याच पायगुणानें घर बुडालें." आम्हीं तें ऐकिलें आणि मान खालीं घालून लिहीत राहिलों. हवा दूषित झाली हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु ती कोणीं दूषित केली, हें ठाऊक नव्हतें. जें ठाऊक नाहीं त्याविषयीं कारकुनानें बोलूं नये, अशी आमची शिस्त.

सेवानिवृत्तीनंतर धाकट्या कन्येचें दहावीचें विज्ञानाचें पुस्तक सहज चाळतांना आम्हांस त्याचें उत्तर सांपडलें. आमचें शिक्षण मराठी सातवीपुरतें. त्यामुळें तें पुस्तक आम्हीं दोन-तीनदां वाचिलें, मग त्या विषयाचीं आणखी पुस्तकें मिळविलीं. जें समजलें तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

अन्न जळतें म्हणजे काय

प्राण्यांच्या अंगीं ऊब असते ती कोठून येते, ह्याचा पहिला नीट हिशेब फ्रान्स देशांतील लाव्हाझिए ह्या रसायनशास्त्रज्ञानें मांडला. १७८२-८३ च्या हिंवाळ्यांत त्यानें लाप्लास ह्या गणितज्ञाच्या साहाय्यानें एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेविला, आणि त्याच्या ऊबेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें. तो प्राणी श्वासावाटे किती वायु बाहेर टाकतो तेंही मोजलें. मग तितकाच वायु निघेपर्यंत कोळसा जाळून किती बर्फ वितळेल हें काढलें. दोन्ही आंकडे बरेच जवळ आले. त्यावरून त्यानें निष्कर्ष काढिला कीं, श्वसन हें एक प्रकारचें मंद ज्वलन आहे.

चुलींत लांकूड जळतें तेव्हां हवेंतील प्राणवायु खर्च होतो, आणि कर्बवायु, म्हणजे शाळेच्या पुस्तकांतील कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता हीं बाहेर पडतात. शरीरांत अन्न खर्च होतें तेव्हां जमाखर्च हाच असतो. भाकरींतील पिष्ट पचून त्याची ग्लुकोज नांवाची साखर बनते. १८० ग्रॅम ग्लुकोज पुरतें जळावयास १९२ ग्रॅम प्राणवायु लागतो. त्यांतून २६४ ग्रॅम कर्बवायु आणि १०८ ग्रॅम पाणी तयार होतें. दोन्ही बाजूंची बेरीज ३७२ ग्रॅम. जमेस आणि खर्चास एक गुंजेचाही फरक नाहीं. ह्या व्यवहारांत सुमारें ६८६ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. बर्फासारखें गार असें पावणेसात लिटर पाणी उकळीस आणावयास ती पुरेल.

आतां प्रश्न असा, कीं इतकी ऊर्जा एकदम मोकळी झाली तर देहाची राख व्हावी. मग तसें कां होत नाहीं?

पेशींतील खजिना

प्रत्येक सजीवाचें शरीर पेशींचें बनलेलें आहे. जोंधळ्याच्या दाण्याच्या टोंकास जो कोंब दडलेला असतो, तोही पेशींचाच. पेशी डोळ्यांस दिसत नाहीं इतकी लहान. तरी अन्नांतील ऊर्जा काढून घेण्याचें काम तिच्याच पोटांत चालतें. १८९७ सालीं जर्मनींतील एदुआर्द बुख्नर ह्यानें यीस्ट वाळूंत घोटून त्याचा रस पिळून काढला, आणि एकही जिवंत पेशी नसतांना तो रस साखर आंबवितो असें दाखविलें. पेशींतील हें काम विकर नांवाचे पदार्थ करितात हें त्यावरून ठरलें. १९०७ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. हे विकर साखर एकदम जाळीत नाहींत. ते ती पायरीपायरीनें उतरवितात.

आमच्या कारकुनी डोक्यास हें पुढील दाखल्यानें समजलें. बाजारांत पांचशेंची नोट घेऊन कोथिंबिरीची जुडी मागावयास गेल्यास दुकानदार म्हणतो, "मोड आणा." ग्लुकोज ही मोठी नोट होय. पेशीस लागणारीं कामें मात्र जुडी-दोन जुड्यांचीं असतात. म्हणून पेशी ती नोट मोडून घेते. तिच्या मोडीच्या नाण्याचें नांव एटीपी असें आहे. ग्लुकोजमधील ऊर्जेच्या सुमारें शंभराव्या हिश्शाएवढें एका एटीपीचें मोल. स्नायु आंखडणें, मुळांनीं क्षार ओढून घेणें, कोंब वर ढकलणें, हीं सर्व कामें ह्या नाण्यानें होतात. नाणें खर्चलें म्हणजे नष्ट होत नाहीं. त्याचा फॉस्फेटचा एक तुकडा सुटतो, आणि खजिन्यांत परत गेल्यावर तो पुनः जोडला जातो. माणसाच्या देहांत कोणत्याही क्षणीं हें द्रव्य ग्रॅमांत मोजावें इतकेंच असतें. परंतु दिवसभरांत खर्चून पुनः भरलेल्या एटीपीची बेरीज केली, तर ती सुमारें त्या माणसाच्या स्वतःच्या वजनाइतकी भरते.

हें द्रव्य १९२९ सालीं उजेडांत आलें. जर्मनींत कार्ल लोमान ह्यानें, आणि अमेरिकेंतील हार्वर्ड येथें सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांनीं तें स्नायूंमधून वेगळें काढिलें. सुब्बाराव हे आंध्रांतील भीमावरम येथें १८९५ सालीं जन्मलेले. परदेशीं राहून एवढें मोलाचें काम करणारा हा आपला देशबांधव १९४८ सालीं वारला. त्याचें नांव आपल्या खेड्यापाड्यांत फारसें कोणास ठाऊक नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

नोट मोडण्याच्या मुख्य पायऱ्या तीन. पहिलींत ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. तींत निव्वळ दोन एटीपी पदरांत पडतात, आणि प्राणवायूची गरज लागत नाहीं. दुसरी पायरी पेशींतील तंतुकणिका नांवाच्या सूक्ष्म कोठड्यांत घडते. तेथें त्या तुकड्यांतील कर्ब एका चक्रांतून फिरत कर्बवायूच्या रूपानें बाहेर पडतो. हें चक्र हान्स क्रेब्ज ह्यानें १९३७ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें शोधिलें. आपण जो निःश्वास टाकतों त्यांतील कर्बवायु मुख्यतः येथलाच.

तिसरी पायरी सर्वांत फलदायी. साखरेंतून सुटलेले विद्युत्कण तंतुकणिकेच्या आंतल्या पडद्यांतून हातोहात पुढें दिले जातात, आणि त्यांच्या जोरावर हायड्रोजनचे भारित कण पडद्याच्या एका बाजूस कोंडले जातात. बंधाऱ्यामागें पाणी तुंबवावें तसें तें कोंडणें होय. ते कण परत येतात ते एका बारीक चक्राच्या वाटेनें. तें चक्र फिरतें आणि एटीपी घडतें. ही कल्पना पीटर मिचेल ह्यानें १९६१ सालीं मांडली. आरंभीं पुष्कळ विद्वानांनीं ती नाकारली. परंतु पुढें ती सिद्ध होऊन १९७८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. विद्युत्कणांच्या ह्या रांगेच्या शेवटीं प्राणवायु उभा असतो. तो त्यांस स्वीकारतो आणि त्याचें पाणी बनतें. आपण श्वास घेतों तो ह्या शेवटच्या जागेसाठीं. प्राणवायु नसला कीं रांग तुंबते, चक्र थांबतें आणि खजिना बंद पडतो.

तिन्ही पायऱ्या मिळून एका ग्लुकोजमागें सुमारें ३० ते ३२ एटीपी होतात. म्हणजे एकंदर ऊर्जेचा सुमारें एक तृतीयांश, किंवा त्याहून कांहींसा अधिक, वांटा कामास येतो. बाकीची ऊर्जा ऊब होऊन जाते. ही बाकी शेतकऱ्यानें विशेष लक्षांत ठेवावी.

हवा नसली म्हणजे

प्राणवायु संपला तर कांहीं पेशी पहिल्या पायरीवरच दिवस काढतात. तेव्हां एका ग्लुकोजमागें ३० च्या ठिकाणीं दोनच एटीपी मिळतात. उरलेल्या साखरेचें यीस्टमध्यें मद्यार्क बनतें, आणि धांवणाऱ्या बैलाच्या स्नायूंत दुग्धाम्ल. पाणी शिरलेल्या पेंवांतील धान्यास आंबूस, दारूसारखा वास येतो तो ह्याच कारणानें. दाणा आणि त्यावरील बुरशी हवेवांचून कशीबशी जगत असतात, आणि थोड्या कमाईसाठीं पुष्कळ भांडवल उधळीत असतात.

शेतांतही हाच न्याय. मुळांच्या पेशींस प्राणवायु मातींतील पोकळींतून मिळतो. काळ्या रानांत पाणी साचून राहिलें कीं त्या पोकळ्या भरतात, मुळांचा खजिना बंद पडतो, आणि पायाशीं पाणी असतांनाही तूर सुकते. भात मात्र चिखलांत डोलतें. कारण त्याच्या पानांपासून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या त्याच्या अंगांतच असतात.

पेंवांत काय घडतें

आतां त्या पेंवाकडे परत येऊं. अरुंद तोंडाचें, आंत रुंद होत गेलेलें, गवत-भुशाचें अस्तर लावून वर फरशी व चिखलानें लिंपलेलें पेंव आपल्या वाडवडिलांनीं मोठ्या अनुभवानें सिद्ध केलें. सांगलीजवळच्या हरिपुरचीं हळदीचीं पेंवें प्रसिद्धच आहेत. आंत दाणा असतो, थोडे सोंडे असतात, भिंतीलगतच्या ओलसर थरांत बुरशी असते. ह्या सर्वांच्या पेशी श्वास घेतात. उघड्या हवेंत शंभरांत सुमारें २१ भाग प्राणवायु, आणि कर्बवायु दहा हजारांत अवघे चार भाग. बंद पेंवांत प्राणवायु खर्चत जातो आणि पिष्ट जळतें तेव्हां जवळजवळ तितक्याच मापाचा कर्बवायु त्याची जागा घेतो. हा वायु हवेच्या दीडपट जड. फरशी काढली तरी तो वर न येतां तळाशीं बसून राहतो. त्याचें प्रमाण शंभरांत दहा झालें कीं माणूस थोड्याच मिनिटांत बेशुद्ध पडतो, आणि ओरडावयासही सवड मिळत नाहीं.

पेंवांत कीड कां मरते ह्याचेंही कारण येथेंच आहे. सोंड्यास किंवा भुंगेऱ्यास कोरड्या धान्यांत पिण्यास पाणी नसतें. तो आपलें पाणी अन्न व प्राणवायु ह्यांच्या संयोगानें स्वतःच्या पेशींत तयार करितो. १८० ग्रॅम साखरेमागें १०८ ग्रॅम पाणी होतें हें वर आलेंच आहे. प्राणवायु तुटला कीं तो खाणें थांबवितो आणि शेवटीं तहानेनें सुकून मरतो, असें अलीकडील प्रयोगांत दिसून आलें आहे. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठानें १९८७ पासून आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत चवळीच्या सांठवणीसाठीं काम करून जी तिहेरी पिशवी काढिली, तिचें तत्त्व पेंवाचेंच: आंत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलें पोतें, आणि तोंड हवाबंद.

शेतकऱ्यानें काय घ्यावें

पहिली गोष्ट ओलीची. कोरडा दाणा अतिशय मंद श्वास घेतो. तृणधान्यांतील ओल शंभरांत बाराच्या आंत असावी. चौदाच्या वर गेली कीं दाण्याचा आणि बुरशीचा श्वास झपाट्यानें वाढतो. श्वासानें ऊब आणि पाणी सुटतें. त्या पाण्यानें श्वास आणखी वाढतो. म्हणूनच ओलसर रासींत हात घातला असतां तो पोळतो. कडब्याची किंवा गवताची ओली गंज आंतून तापत जाऊन पेट घेते, तिचाही आरंभ ह्याच ऊबेंत असतो. दाणा दांताखालीं कट्‌कन फुटला पाहिजे, ही जुनी परीक्षा चांगली आहे. दुसरी परीक्षा मिठाची. कोरड्या कांचेच्या बरणींत मूठभर धान्य आणि थोडें कोरडें बारीक मीठ घालून हलवावें व पाव तास ठेवावें. मीठ कांचेस चिकटलें, तर धान्य अद्याप ओलें आहे असें समजून पुनः उन्हांत घालावें.

दुसरी गोष्ट बियाण्याची. बियाणें म्हणजे ज्याचें भांडवल पेरणीपर्यंत शाबूत ठेवावयाचें असा दाणा. बियाण्यांतील ओल शंभरांत एकानें कमी केली, तर त्याचें आयुष्य दुप्पट होतें. आणि सांठवणीची उष्णता पांच अंशांनीं उतरविली तरीही दुप्पट होतें, असा ह्या विषयांतील हॅरिंग्टन नांवाच्या शास्त्रज्ञाचा ठोकताळा आहे. तेव्हां बियाणें नीट वाळवून, थंड जागीं, खाण्याच्या धान्यापासून वेगळें ठेवावें. आमच्या आजी राख कालवून मडक्यांत बी ठेवीत व तें मडकें घरांतल्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यांत ठेवीत. त्यांचें करणें बरोबर होतें. कारण मात्र आम्हांस आतां कळलें.

तिसरी गोष्ट धुरीच्या गोळ्यांची. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीपासून जो वायु निघतो, तो किडीच्या तंतुकणिकांचें काम बिघडवितो. परंतु माणसाच्या तंतुकणिका त्याहून निराळ्या नाहींत. राहत्या घरांत, निजावयाच्या खोलींत ही गोळी ठेवणें म्हणजे आपल्या मुलांबाळांच्या जिवाशीं खेळणें होय. तें काम जाणत्या माणसाकडूनच, वस्तीपासून दूर करवावें.

चवथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पेंवांत उतरण्याची. पेंव उघडल्यावर निदान रात्रभर मोकळें ठेवावें, आणि पंख्यानें किंवा भात्यानें तळापर्यंत हवा घालावी. कंदील सोडून पाहण्याची चाल आहे. कंदील विझला तर उतरूं नये, हें खरें. परंतु कंदील जळतो एवढ्यावरून उतरावें, असें मात्र नाहीं. उतरणाऱ्याच्या छातीस दोर बांधून दोन माणसांनीं तो वर धरावा. आंतला माणूस बोलेनासा झाला तर त्याच्यामागून कोणींही उतरूं नये. दोरानें वर ओढावें. माया आणि धैर्य हींच येथें दुसरा बळी घेतात. जुनी विहीर आणि गोबरगॅसची टाकी ह्यांतील वायु निराळे असले, तरी सावधगिरी हीच.

असो. गेल्या वर्षीं कांहीं कामानिमित्त आम्हांस त्या गांवीं जाण्याचा योग आला. ती बाई आतां म्हातारी झाली आहे, मुलीकडे राहते. आम्हीं ओळख दिली आणि ओट्यावर बसून हें सर्व तीस सोप्या शब्दांत सांगितलें: दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो, बंद जागीं त्याचा श्वास सांठतो, आणि त्यांत जो उतरेल तो, कोणीही पाठविलेला असो, वांचत नाहीं. तिनें बराच वेळ कांहीं उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाली, "म्हंजी भाऊसाहेब, माझा पायगुण न्हवता." आम्ही म्हणालों, "नव्हता, बाई. कधींच नव्हता." तिनें डोळ्यांस पदर लावला आणि लेकीस चहा ठेवावयास सांगितलें.

हे चार शब्द बोलावयास आम्हांस पस्तीस वर्षें लागलीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं अजून पेंवें आहेत, त्यांनीं तीं उघडण्यापूर्वीं ते आपल्या घरांत सांगावे, आणि दोर जवळ ठेवावा, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.